सुताराचे छप्पर आणि बारीक भुसा

पेडणे व डिचोली तालुक्यांतील वाड्यांवरून जाताना सुताराचे एखादे छप्पर लागले नाही, असे सहसा होत नाही. पावसाळा सरला की मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर शॅक व खोपी पुन्हा उभ्या करण्याची लगबग सुरू होते आणि या छपरांखाली रात्रीपर्यंत काम चालते. अशाच एका ठिकाणी आम्ही घटकाभर बसलो होतो. फणसाच्या फळीवर यंत्राने घासकाम चालले होते. पिवळी पूड उन्हाच्या तिरिपेत तरंगत होती आणि मेस्तांच्या भुवयाही पिवळ्या झाल्या होत्या. तोंडाला काही बांधत का नाही, असे विचारता ते हसून म्हणाले, “सवय झाली, बाब.”

फुप्फुसांना मात्र अशी सवय होत नसते. गोव्याच्या जुन्या चर्चमधील कोरीव वेद्या घडविणाऱ्या कारागिरांच्या हाती पटाशी व रंधा होता. त्यांच्या ढलप्या पायाशी पडत. आजचे यंत्र लाकडाचे पीठ करते. जाड भुसा खाली बसतो. घात करतो तो डोळ्यांना न दिसणारा, पुष्कळ वेळ हवेत राहणारा बारीक अंश.

इंग्लंडातील हाय विकम हे खुर्च्यांसाठी नावाजलेले गाव. नाकाच्या आतील एका विरळ कर्करोगाचे रोगी पुनःपुन्हा लाकूडकाम करणारेच निघतात, हे त्या भागातील डॉक्टर एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानी आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदविली. रोग विरळा आहे खरा, आणि कोणाच्या घरी भय शिरावे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. पण तो दिसू लागण्यास कित्येक दशके जातात. विशीतल्या शिकाऊ मुलाला त्याची कल्पनाही येत नाही.

त्याहून अधिक जणांना पिडतो तो दमा. रविवारी छाती मोकळी, आणि सोमवारी कामावरून परतल्यावर रात्री खोकला व धाप, अशी त्याची खूण. सागवान व शिसवीच्या धुळीने कित्येकांच्या कातडीला खाज सुटते.

यावर रुमाल हा उपाय नव्हे. बारीक धूळ त्यातून सहज आत जाते. धूळ जेथे जन्मते तेथेच, यंत्राच्या तोंडाशी, शोषक नळीने ओढून घ्यावी. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १४ व्या कलमाने हेच सांगितले होते. परंतु दोनचार माणसांचे छप्पर त्या कायद्याच्या कक्षेत येत नसे. तेव्हा ही काळजी मालकानेच वाहिली पाहिजे. युरोपीय संघाने जानेवारी २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा एका घनमीटर हवेत केवळ २ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या थोड्याशा कणांइतकी, ठरविली आहे. नळीच्या जोडीला एन-९५ जातीचा मुखवटा नीट घट्ट बसवावा. दाढीवर तो बसत नाही. कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. बिडी बाहेरच ओढावी, कारण दाट धूळ ठिणगीने पेटते.

घरच्या मंडळींनाही एक विनंती. कामाचा सदरा दाराबाहेर उतरवून ठेवण्यास सांगा. त्यातील धूळ पाळण्यापर्यंत जाते. नाकाची एकच बाजू आठवडेच्या आठवडे बंद राहिली किंवा तीतून रक्त आले, तर घरगुती उपचारात दिवस न घालवता डिचोलीच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीस दाखवावे, आणि आपला धंदा डॉक्टरांना आवर्जून सांगावा. पुष्कळदा तो कोणी विचारीतच नाही.

आम्ही निघालो तेव्हा मेस्तांचा पुतण्या हवेच्या नळीने बाकावरचा भुसा उडवीत होता. मेस्तांनी आमच्याकडे पाहिले, नळी बंद केली आणि त्याला फडके ओले करून आणण्यास विहिरीवर धाडले.