सहीत लपलेला तारा

आजोळी ओसरीवर एक जुनं चित्र आहे. नदीचा घाट, दोन बायका, आणि खाली कोपऱ्यात न लागणारी सही. दिवाळीत मी त्याचा फोटो काढून एका अ‍ॅपला दाखवला. अ‍ॅपने बेधडक राजा रविवर्मांचं नाव दिलं. मामाचा पुढचा प्रश्न अर्थातच, ‘‘केवढ्याला जाईल रे?’’

मी म्हटलं, मामा, थांब. ही चूक माणसांनी अ‍ॅपच्या कितीतरी आधी करून ठेवलीय. तीच गोष्ट आज सांगतो.

१८९३ साल, लंडन. एक चित्र कोर्टापर्यंत पोचलं होतं. चित्रात एक हसरं, दारू पिणारं जोडपं. विकताना सांगितलं होतं की हे फ्रान्स हाल्सचं, म्हणजे सतराव्या शतकातल्या हार्लेमच्या बड्या चित्रकाराचं. किंमतही तशीच लावलेली. पण नीट पाहिल्यावर तिथे दुसरीच सही सापडली: जे आणि एल ही रोमन अक्षरं एकात एक गुंतवलेली, आणि शेजारी छोटासा तारा.

आता गंमत बघा. भांडण काय, तर हे हाल्सचं नाही, मग पैसे कमी करा. शेवटी तडजोड होऊन किंमत उतरली. मग हे कोणाचं, याच्याशी दोन्ही पक्षांना फारसं देणंघेणं नव्हतं.

ते पडलं होतं कॉर्नेलिस होफस्टेडे द ग्रूट या डच अभ्यासकाला. किल्ली त्या ताऱ्यातच होती. नुसत्या जे-एलची माणसं शेकड्याने सापडतील, पण सहीत तारा कोण काढेल? हार्लेममध्ये एका दारू गाळणाऱ्याच्या घराण्याचं नाव होतं लेस्टर. या डच शब्दाचा अर्थ वाट दाखवणारा तारा, आपला ध्रुवतारा म्हणा ना. त्याची मुलगी युडिथ. म्हणजे तारा ही नक्षी नव्हती, ते तिचं आडनावच होतं!

आणि ती अज्ञात वगैरे अजिबात नव्हती. जन्म १६०९चा. १६३३ मध्ये ती हार्लेमच्या चित्रकारांच्या गिल्डमध्ये होती, तिचे स्वतःचे शिष्य होते. १६४८ च्या शहराच्या इतिहासात तर तिच्या नावावर ताऱ्याची कोटीही केलेली आहे. सगळं कागदावर होतं. ते सहीला जोडून कोणी पाहिलं नव्हतं, एवढंच. द ग्रूटने त्याच वर्षी तिची सात चित्रं ओळखली. त्यांतल्या सहांवर तीच सही. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं तयार होती, जॉइन कोणी मारला नव्हता.

मला यातला सगळ्यात बोचणारा भाग वेगळाच वाटतो. १६३६ मध्ये तिने यान मोलेनार या चित्रकाराशी लग्न केलं. ती गेली १६६० मध्ये, तो १६६८ मध्ये. त्याच्यामागे घरातल्या वस्तूंची यादी झाली, तेव्हा तिची काही चित्रं ‘मयताच्या बायकोची’ म्हणून लिहिली गेली. स्वतःच्या घरात नाव गेलं, मग बाजारात काय राहणार? त्यात, बरं का, १६३५ मध्ये तिचा एक शिष्य तिला सोडून हाल्सकडे गेला म्हणून ती गिल्डपुढे भांडली होती. पुढे दोनेकशे वर्षांनी तिची चित्रं खपली ती त्याच हाल्सच्या नावावर!

म्हणून आपल्याकडच्या चित्राची सही लावायची असेल तर मोठं नाव आधी मनात धरू नका. डोळा हवं तेच वाचतो. उजेड तिरका पाडून फोटो घ्या. अक्षर वाटत नाही ती रेघसुद्धा जशीच्या तशी कागदावर उतरवा, लेस्टरचा तारा आठवा. मग त्याच हाताची सही आणखी कुठे आहे ते शोधा. आणि घासून-पुसून बघायचा मोह कृपया टाळा. रंगाबरोबर सहीपण जाते.

आणि हो, फ्रेम उलटी करून बघा. आमच्या चित्रामागे फ्रेमवाल्याचं जुनं लेबल निघालं. अर्धं कसरीने खाल्लंय, पण ‘गिरगाव’ एवढं वाचता येतं. पुढच्या शनिवारी तिकडे चक्कर मारतोय. मामाला अजून काही बोललो नाहीये.