‘अरेबिया’ आगबोटीचें उत्खनन व साधनपरीक्षा

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, पत्रव्यवहार, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हींच आपल्यापुढें उभीं राहतात. गाळांत पुरून राहिलेली आगबोट हेंही त्याच पंक्तींत बसणारें साधन होय. मात्र इतर साधनांप्रमाणें त्याचीही परीक्षा करून घ्यावी लागते. हें दाखविण्याकरितां अमेरिकेंतील ‘अरेबिया’ या आगबोटीचें उदाहरण येथें घेतलें आहे.

दोहों बाजूंस चाकें असलेली ही १७१ फूट लांबीची आगबोट मिझुरी नदींतून पश्चिमेकडील नव्या वसाहतींस माल पोंचवीत असे. ता. ५ सप्टेंबर १८५६ रोजीं पार्कव्हिल गांवाजवळ पाण्याखालीं दडलेलें अक्रोडाचें खोड तिच्या तळांत घुसलें व ती थोडक्याच वेळांत बुडाली. सुमारें १३० उतारू होते, ते सर्व वांचले. पण सुमारें २०० टन माल तळाशीं गेला. पुढें नदीनें पात्र बदललें, जुनें पात्र गाळानें भरून आलें व त्यावर शेती होऊं लागली.

१९८७ सालीं हॉले कुटुंबानें जुने नकाशे ताडून व बॉयलर-एंजिनांच्या लोखंडाचा सुगावा देणारें चुंबकमापक यंत्र शेतांतून फिरवून बोटीचें स्थान निश्चित केलें. तें नदीपासून अर्धा मैल दूर, जमिनीखालीं ४५ फूट होतें. १९८८-८९ च्या हिंवाळ्यांत खोदकाम झालें. खड्डा झऱ्यांनीं भरून येऊं नये म्हणून सभोंवार २० विहिरी पाडून रात्रंदिवस पाणी उपसावें लागलें.

गाळांत प्राणवायूचा शिरकाव नसल्यामुळें चिनी मातीचीं भांडीं, जोडे, टोप्या, हत्यारें, इतकेंच नव्हे तर बरण्यांतील लोणचीं देखील टिकलीं होतीं. खोदणारांपैकीं एकानें तें लोणचें चाखूनही पाहिलें!

आतां साधनपरीक्षेकडे वळूं. बोटीबरोबर एक खेंचर बुडालें होतें. आपण त्यास सोडविण्याची खटपट केली, पण तें हट्टी जनावर जागचें हललें नाहीं, असें त्याच्या धन्यानें सांगितल्याची कथा होती. उत्खननांत खेंचराचा सांगाडा निघाला तो बांधलेल्याच स्थितींत! बखरीचें विधान अस्सल कागदानें खोडून काढावें, तसाच हा प्रकार झाला.

परंतु या साधनासही मर्यादा आहेत. लोंकरीचे कपडे सांपडले ते शिवण सुटलेले. कारण सुती दोरा कुजून गेला होता. सुती कापडही उरलें नाहीं. यावरून बोटींत सुती माल नव्हताच असें अनुमान केल्यास तें चुकीचें होईल. मीमांसक अनुपलब्धीस प्रमाण मानतात, पण ती योग्यानुपलब्धि असावी लागते. म्हणजे वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति हवी. गाळांत सुताची अनुपलब्धि ही अशी नव्हे. अमुक दफ्तरांत अमुक पत्र नाहीं, तेव्हां तें लिहिलेंच गेलें नाहीं, असें म्हणणारांनींही हा भेद ध्यानांत ठेवावा.

वर काढल्यानें वस्तु वांचली असें होत नाहीं. शतकाहून अधिक काळ भिजलेलें लांकूड उघड्यावर वाळूं दिल्यास आक्रसतें व फुटतें. त्यास प्रथम ओलें ठेवून, आंतील पाण्याच्या जागीं मेणासारखें द्रव्य मुरवावें लागतें. या कामास उत्खननाहून कितीतरी अधिक वर्षें लागतात.

शेवटची गोष्ट संग्राहकांनीं विशेष विचार करण्यासारखी आहे. खोदणारांचा मूळ बेत सांपडलेला माल विकण्याचा होता. परंतु एकेक पेटी उघडत गेली तसा तो त्यांनीं सोडला व संग्रह अखंड राखून १९९१ मध्यें कॅन्सस सिटी शहरांत संग्रहालय उघडलें. सुटी बशी ही केवळ बशी. इतर मालाच्या शेजारीं ती एका वसाहतीच्या गरजांची साक्ष देते. आपल्याकडे रुमाल सोडून शिक्क्यांचीं पत्रें तेवढीं उचलावयाचीं व हिशेबाचे बंद टाकून द्यावयाचे, अशी रीत कित्येक ठिकाणीं पडली. त्यानें पत्र हातीं राहतें, दफ्तर मात्र कायमचें बुडतें. आणि असें बुडालेलें दफ्तर कोणत्याही उत्खननानें वर येत नाहीं.