पाडलेल्या गावांचे चंदीगड

नेकचंद सैनी यांची कहाणी बहुतेक वेळा बंडाची म्हणून सांगितली जाते: एकीकडे वास्तुकार ल कॉर्बुझिएचे काटकोनात आखलेले चंदीगड, दुसरीकडे त्याला न जुमानणारा, कुठल्याही कलाशाळेत न गेलेला माणूस. ही मांडणी मला पटत नाही. नेकचंद हे शहर उभारणाऱ्यांपैकीच एक होते. १९२४ साली शकरगड तहसिलीत त्यांचा जन्म झाला. फाळणीत गाव पाकिस्तानात गेले आणि पुढे ते चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर झाले. नव्या राजधानीसाठी जी गावे पाडली गेली, त्यांचा राडारोडा त्यांना नोकरीमुळेच रोज दिसत होता. सिमेंट किती कालवायचे, पाण्याला उतार कसा द्यायचा हेही त्यांना त्या नोकरीनेच शिकवले. अशाच टाकाऊ वस्तूंतून त्यांनी घडवलेल्या रॉक गार्डनमधल्या एखाद्या प्राण्याच्या मूर्तीजवळ जाऊन पाहावे. आत सायकलचे भंगार, त्यावर सिमेंटचा थर आणि तो ओला असतानाच दाबून बसवलेल्या फुटक्या बांगड्या किंवा कपबश्यांच्या कपच्या. डांबराच्या पिंपांत काँक्रीट ओतून घडवलेल्या भिंतींवर पिंपाच्या वळ्या अजून उमटलेल्या दिसतात. हे हात बांधकामावर तयार झालेले आहेत. कॉर्बुझिएनेही काँक्रीटवर लाकडी साच्यांचे ठसे मुद्दाम राहू दिले होते. दोघांची सामग्री एक; फरक एवढाच की नेकचंदांनी शहराने टाकून दिलेलेही हिशेबात धरले.

यावर रास्त आक्षेप असा, की बागेची जागा राखीव होती, तिथे कसलेही बांधकाम करायला मनाई होती आणि सरकारी नोकरानेच तिथे वर्षानुवर्षे चोरून काम केले. हे खरेच आहे. पण १९७० च्या दशकात हा प्रकार उघडकीला आला, तेव्हा प्रशासनाने ते पाडले नाही; १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली केली, नेकचंदांना पगार दिला, मजूर दिले. पुढे १९८४ मध्ये पद्मश्रीही मिळाली. नियम मोडला गेला हे मान्य करूनही शहराचे हित कशात आहे, हे त्या अधिकाऱ्यांना कळले होते. सरकारी आश्रयाने कला निस्तेज झाली, असेही म्हटले जाते. नंतरच्या टप्प्यातले धबधबे आणि कमानी मलाही सुरुवातीच्या ओबडधोबड मूर्तींइतक्या भिडत नाहीत. मात्र त्यांच्यामुळेच बाग सुमारे पंचवीस एकरांवर पसरली आणि हजारो कुटुंबांची झाली. त्या लोकांनीच १९९० मध्ये बागेवर चालून आलेल्या बुलडोझरसमोर मानवी साखळी केली.

नेकचंद २०१५ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी शेजारच्या, कॉर्बुझिएच्या कॅपिटॉल संकुलाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, रॉक गार्डन त्या यादीबाहेर राहिले. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडचा रस्ता आणि वाहनतळ यांसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. तिथली झाडे-दगड दुसरीकडे हलवता येतात, हे उत्तर अपुरे आहे. ज्या जागी ती भिंत उभी राहिली, ती जागाही त्या कामाचा भाग होती. कॉर्बुझिएच्या इमारतींना जे कायदेशीर संरक्षण आहे, तेच नेकचंदांच्या भिंतींनाही द्यायला हवे.