गोडाऊन घेताय? आधी ‘बी फॉर्म’ मागा

मानकोली, दापोडा, पूर्णा... भिवंडीत गाळा बघायला गेलं की आपण भाडं विचारतो, डिपॉझिट विचारतो, कंटेनर आत वळतो का तेही विचारतो. फायरची फाईल? ती कोणी मागत नाही.

मित्रांनो, महाराष्ट्राच्या 2006च्या आग प्रतिबंधक कायद्यात मालकासोबत भोगवटादारही आहे. भोगवटादार म्हणजे तुम्ही, जागा वापरणारे! यंत्रणा बसवली की परवानाधारक एजन्सी फॉर्म ‘ए’ देते. पुढे दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये ती चालू असल्याचा फॉर्म ‘बी’ द्यावा लागतो. भिंतीवर लाल सिलिंडर दिसला म्हणून खूश होऊ नका. शेवटचा बी फॉर्म बघा, त्यावर पत्ता तुमच्याच गाळ्याचा आहे ना, तेही बघा.

मग मंजूर नकाशा मागा. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे बांधकाम मंजुरी नव्हे. नकाशा हातात घेऊन गाळ्यात फिरा. कागदावरचा दुसरा दरवाजा बरेचदा रॅकमागे गेलेला असतो. आणि माल कोणता ठेवणार? राष्ट्रीय इमारत संहितेत साधी साठवणूक ‘एच’ गटात, धोकादायक ‘जे’ गटात. कापडाच्या गाठींच्या जागेत थिनरचे ड्रम आणले, तर सगळा हिशोबच बदलतो.

बी फॉर्म कोण काढणार, खर्च कोणाचा, हे करारनाम्यातच लिहून घ्या. डिपॉझिटचा चेक त्यानंतर.