४४३००१ चे अवयव

बुलडाणा शहराचा पिनकोड ४४३००१. ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवीही होते. टपाल खात्याच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे नुसता पत्ता. पण ४८ आणि ७२ चे अवयव पाडून कंटाळलेल्या वर्गापुढे तो ठेवून पाहावा.

अंकांची बेरीज १२, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. २ आणि ५ चा प्रश्नच नाही. इथवर मुले झटकन येतात. पुढचा सरळ रस्ता मात्र लांबचा आहे. या संख्येचे वर्गमूळ ६६५ च्या किंचित पुढे येते आणि तिथपर्यंत १२१ मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसलो तर तास संपेल.

त्यापेक्षा संख्येचे मधोमध दोन तुकडे करू: ४४३ आणि ००१. त्यांची बेरीज ४४४, वजाबाकी ४४२. आता पाहा:

४४३००१ = ४४३ × ९९९ + ४४४
४४३००१ = ४४३ × १००१ − ४४२

९९९ म्हणजे २७ × ३७. तेव्हा ३७ ने भाग जातो की नाही, हे एकट्या ४४४ वर ठरते; आणि ४४४ = ३७ × १२. तसेच १००१ म्हणजे ७ × ११ × १३. या तिघांपैकी ४४२ ला फक्त १३ ने भाग जातो. ९ ची कसोटीही अशीच १० = ९ + १ यातून येते. मुलांना नियम पाठ असतो, हे कारण सहसा सांगितलेले नसते. आणि खरे गणित तर तेच आहे.

३ × १३ × ३७ = १४४३. त्याने भागल्यावर ३०७ उरतात. १९ चा वर्ग ३६१, म्हणून ३०७ साठी १७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. एकीनेही भाग जात नाही. म्हणून

४४३००१ = ३ × १३ × ३७ × ३०७

चिखलीच्या ४४३२०१ मध्ये वजाबाकी २४२ येते आणि ११ लगेच सापडतो. लोणारचा ४४३३०२ मात्र हट्टी. बेरीज ७४५, वजाबाकी १४१, दोन्हींतून काही हाती लागत नाही. २ काढल्यावर भागत भागत २३ पर्यंत जावे लागते. मग तो दोनदा निघतो: २ × २३ × २३ × ४१९. अशी युक्ती न चालणाऱ्या संख्यांची अडचण उपयोगीही पडते. इंटरनेटवर गुप्तता राखणाऱ्या आरएसए पद्धतीत सहाशेहून अधिक अंकी संख्या वापरतात, आणि त्यांचे अवयव पाडणे आजच्या संगणकांनाही जमलेले नाही.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्येला आणखी एक प्रश्न विचारला होता: तुझा जनक कोण? म्हणजे जिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की तू येतेस, ती संख्या कोणती? २० ला असा जनकच नाही. १४ पासून १९ मिळतात, १५ पासून एकदम २१. अशा संख्यांना कापरेकर स्वयंभू म्हणत. ४४३००१ स्वयंभू नाही. तिचा जनक ४४२९६८, अंकांची बेरीज ३३, आणि दुसरा जनक तिला नाही. तो नाही हे दाखवायला ४४२९४७ पासून पुढच्याच संख्या तपासाव्या लागतात. ४४२९४७ पासूनच का, हे मुलांना शोधू द्यावे.