पियानोच्या पट्टीची रुंदी आणि वादकाची वीत

प्रचलित पियानोवर एका सप्तकातील सात पांढऱ्या पट्ट्या मिळून सुमारे १६५ मिलिमीटर जागा व्यापतात. म्हणजेच प्रत्येक पट्टीच्या वाट्यास सुमारे २३.५ मिलिमीटर रुंदी येते. हे माप इतके रूढ झाले आहे की, ते वाद्याच्या स्वरूपातच अंतर्भूत असावे असा समज होतो. वस्तुतः तो केवळ एक संकेत होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना येथे घडविल्या जाणाऱ्या पियानोंत हेच माप सुमारे १६० मिलिमीटर असे. विख्यात वादक योसेफ हॉफमन (१८७६–१९५७) यांच्या लहान हातांसाठी तर स्टाइनवे कंपनीने किंचित अरुंद पट्ट्यांचा पियानो मुद्दाम बनविला होता.

या संकेताचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४७३ प्रौढ वादकांच्या वितीची मोजणी करण्यात आली. पुरुषांची सरासरी वीत सुमारे २२६ मिलिमीटर, तर स्त्रियांची सुमारे २०१ मिलिमीटर भरली. राखमानिनॉफ यांच्या दुसऱ्या कॉन्चेर्तोच्या (१९०१) आरंभी डाव्या हाताने पहिला व दहावा स्वर एकत्र दाबावयाचा असतो. ज्यांची वीत तेथवर पोहोचत नाही, त्यांना ते स्वर एकामागून एक वाजवावे लागतात.

१९९० नंतरच्या दशकात कॅनडातील वादक क्रिस्टोफर डॉनिसन व अमेरिकेतील टायटसव्हिल येथील कारखानदार डेव्हिड स्टाइनब्यूलर यांनी प्रचलित मापाच्या जोडीस सुमारे १५२ व १४० मिलिमीटर अशी दोन मापे पुरस्कारिली. यांपैकी लहान मापात पट्टी २० मिलिमीटर रुंद होते. पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजल्यास प्रचलित पियानोवर पहिल्यापासून आठव्या स्वरापर्यंतचे अंतर १६५ मिलिमीटर भरते. लहान मापात नवव्या स्वरापर्यंतचे अंतरही १६० मिलिमीटरच होते. म्हणजे आठव्या स्वरापर्यंत सहज पोहोचणाऱ्या हातास नववा स्वर तितकाच सुलभ होतो.

यासाठी संपूर्ण वाद्य बदलावे लागत नाही. तारा व हातोड्या मूळच्याच जागी राहतात. पट्ट्यांचे मागील दांडे मात्र पंख्याच्या काड्यांप्रमाणे दोन्ही बाजूंस फाकत जाऊन आपापल्या हातोडीपर्यंत पोहोचतात. बावन्न पांढऱ्या पट्ट्यांमागे सुमारे १८ सेंटिमीटर जागा वाचते. ती दोन्ही टोकांस लाकडी ठोकळे बसवून भरून काढतात.

या योजनेस मर्यादाही आहेत. जाड बोटांना काळ्या पट्ट्यांमधील जागा अपुरी पडते. शिवाय पियानोवादक आपले वाद्य बरोबर नेऊ शकत नाही. सभागृहात जे असेल त्यावरच त्यास वाजवावे लागते. त्यामुळे एकट्या वादकाने अरुंद पट्ट्या स्वीकारून भागत नाही. विद्यालये व सभागृहे यांनीही त्या ठेवणे आवश्यक ठरते.

व्हायोलिन शिकणाऱ्या बालकास त्याच्या हाताच्या मापाचे वाद्य देण्यात कोणास काही वावगे वाटत नाही. पियानोच्या बाबतीत मात्र माप स्थिर मानून हातासच उणे ठरविण्यात आले. वादनातील जी उणीव आपण साधनेची किंवा प्रतिभेची समजतो, तिच्यापैकी किती उणीव केवळ मापाची आहे, हे ठरविल्यावाचून वादकाच्या गुणवत्तेविषयी दिलेला निर्णय अपुराच राहील.