ॲल्कॉक, ॲल्फ्रेड विल्यम
(२३ जून १८५९–२४ मार्च १९३३). ब्रिटिश वैद्य व प्राणिवैज्ञानिक. भारतालगतच्या खोल समुद्रातील मासे, खेकडे, झिंगे इ. प्राण्यांच्या संग्रहाबद्दल व वर्णनाबद्दल प्रसिद्ध. त्यांचा जन्म मुंबई येथे झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. त्यांची आर्थिक स्थिती खालावल्यामुळे इंग्लंडमधील शिक्षण सोडून ॲल्कॉक यांना १८७६ मध्ये भारतात यावे लागले. वायनाडमधील कॉफीचे मळे, कलकत्त्यातील कचेरी, चहामळ्यांसाठी मजूरभरती अशा नोकऱ्यांत त्यांची काही वर्षे गेली. विज्ञानाची गोडीही याच काळात वाचनातून लागली. ॲबर्डीन येथे वैद्यकाची पदवी घेऊन १८८५ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

सागरी सर्वेक्षणाच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या आगबोटीवर १८८८–९२ या काळात ते वैद्य व निसर्गवैज्ञानिक होते. मुंबईच्या गोदीत १८८१ मध्ये बांधलेल्या या लाकडी बोटीचे मुख्य काम समुद्राची खोली मोजून नौकानयनाचे नकाशे तयार करणे हे होते. प्राणिसंग्रह उरलेल्या वेळात करावा लागे. तरीही त्याचे मोल मोठे आहे, कारण ‘चॅलेंजर’ सफर (१८७२–७६) हिंदी महासागराच्या उत्तर भागात आलीच नव्हती. पोलादी दोराला बांधलेले जाळे कधी हजार फॅदमांहूनही (सु. १,८३० मी.) खोल सोडीत. मद्यार्कात ठेवलेल्या प्राण्यांचे रंग उडत असल्याने ताज्या नमुन्याची नोंद तत्काळ करणे आवश्यक असे.

केवळ बाटल्या भरणे हे ॲल्कॉक यांचे उद्दिष्ट नव्हते. काही पाकट माशांच्या गर्भाशयातील धाग्यांसारख्या उंचवट्यांतून स्रवणाऱ्या द्रवावर पिलांचे पोषण होते, हे त्यांनी जेम्स वुड-मेसन यांच्यासह दाखविले. एका माशाच्या अंगावर वाढणाऱ्या जलव्यालसदृश प्राण्याचे व त्या माशाचे साहचर्यही त्यांनी वर्णिले (१८९२). संग्रहातील प्राण्यांच्या चित्रांचे प्रकाशनही त्याच वर्षी सुरू झाले. भारतीय चित्रकारांनी काढलेली ही चित्रे आजही प्रमाण म्हणून पाहिली जातात.

१८९३ मध्ये ते कलकत्त्याच्या इंडियन म्यूझीयमचे अधीक्षक झाले. १८९५ मध्ये पामीर सीमा आयोगाबरोबर ते गेले होते. खोल समुद्रातील भारतीय माशांची त्यांची सूची १८९९ मध्ये व सागरी अनुभवांवरील *ए नॅचरलिस्ट इन इंडियन सीज* हा वाचनीय ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना १९०१ मध्ये मिळाले. १९०६ मध्ये अधीक्षकपद सोडल्यानंतर त्यांनी लंडन येथे उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना रोगवाहक कीटकांविषयी शिकविले. केंटमधील बेल्व्हेडीअर येथे ते मृत्यू पावले. म्यूझीयमच्या प्राणिविभागातून १९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि ‘इन्व्हेस्टिगेटर’चा संग्रह तिच्याकडे आला.